आधी शॉक, मग स्प्रिंग

विजेची गाडी, घरची देखभाल : लेखांक ९

मागच्या लेखात टायर आणि त्यातली हवा हा विषय संपवला. आज त्याच चाकांच्या जरा वर, गाडीच्या मागच्या सस्पेन्शनकडे वळू. सोलापुरात विजेची गाडी घेतलेल्या वाचकांची तक्रार बहुतेक एकाच सुरात असते : पुढे बसणारा खूश असतो, मागे बसणारा कुरकुरतो. पुणे-हैदराबाद महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगात गाडी मागून हेलकावे खाते, अक्कलकोटच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर ओलांडल्यावर आणखी दोनदा डोलते आणि तुळजापूरच्या घाटात वळण घेताना मागचा भाग पुढच्याशी जुळत नाही असं वाटतं. मग कोणीतरी सांगतं, ‘स्प्रिंग कडक टाका.’ नेमका इथेच घोळ सुरू होतो.

दोष निम्मा रस्त्याचा

सोलापूर जिल्ह्याची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता दरवर्षी थोडा वर उचलला जातो, थोडा खाली बसतो. त्यामुळे खड्डा नसला तरी डांबरावर लांब लांब लाटा तयार होतात. खड्डा चाकाला दणका देतो, लाट अख्ख्या गाडीला झुलवते. हे झुलणं थांबवणं स्प्रिंगच्या हातात नाही, ते शॉकअॅब्जॉर्बरचं काम.

आपल्याकडे दोघांना मिळून ‘शॉकप’ म्हणतात, पण त्यांची कामं वेगळी आहेत. घरातला झोपाळा डोळ्यांपुढे आणा. कड्या वजन पेलतात आणि झोका देतात, झोका थांबवतो तो जमिनीला टेकवलेला पाय. गाडीत स्प्रिंग म्हणजे कड्या आणि शॉक म्हणजे तो पाय. कड्या कितीही जाड केल्या तरी पाय टेकवल्याशिवाय झोका थांबायचा नाही.

विजेच्या गाडीचं वेगळेपण

२०२० च्या जानेवारीत आलेली टाटा नेक्सॉन ईव्ही सुमारे १४०० किलोंची होती. तिची पेट्रोलवाली बहीण तिच्याहून दीडेकशे किलोंनी हलकी. हे जादा वजन मुख्यतः बॅटरीचं, आणि बॅटरी जमिनीलगत, दोन्ही धुरांच्या मधे. त्यामुळे दोन गोष्टी होतात. गुरुत्वमध्य खाली आल्याने गाडी वळणावर कमी कलते, हा फायदा. पण पेट्रोल गाडीत पुढे जड इंजिन असल्याने मागची चाकं तुलनेने हलकी राहतात, विजेच्या गाडीत मागच्या चाकांवर वजनाचा वाटा वाढतो. म्हणजे मागच्या शॉकला रोजचंच काम जास्त, त्यात देवदर्शनाला निघालेली पाच माणसं आणि डिकीतल्या पिशव्या.

तिसरी गोष्ट चालवणाऱ्याच्या पायाची. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या विजेच्या गाडीत अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की रीजन सुरू होतं, म्हणजे मोटर जनित्र बनून पुढची चाकं अडवते. वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. हे घाटात उतरताना ऐन वळणात घडलं, रीजन सगळ्यात वरच्या पातळीवर असलं आणि रस्ता ओला असला, तर मागचं टोक बाहेर सरकू शकतं. कडक स्प्रिंग बसवण्याआधी हे ध्यानात असू द्या.

खाली वाकून काय दिसतं

आपल्याकडच्या बहुतेक परवडणाऱ्या विजेच्या गाड्यांत मागे ट्विस्ट बीम असतो. टाटाच्या नेक्सॉन आणि टियागो ईव्ही, महिंद्रची एक्सयूव्ही ४००, एमजीची झेडएस ईव्ही या सगळ्यांत तो आहे. मागून वाकून पाहिलं की एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत आडवी गेलेली पोलादी तुळई दिसते, तिच्या दोन्ही टोकांना पुढे जाणारे हात आणि त्या हातांच्या टोकाशी मोठे रबरी बुश. एक चाक वर उचललं गेलं की तुळई पिळली जाते आणि गाडी कलायला विरोध करते. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फपासून ही रचना जगभर रुळली, कारण ती स्वस्त, टिकाऊ आणि जागा वाचवणारी आहे. टाटाची हॅरियर ईव्ही किंवा चाकणला बनणारी महिंद्रची बीई ६ यांच्या मागे मात्र प्रत्येक चाक स्वतंत्र ठेवणारी मल्टीलिंक रचना आहे. तिथे सांधे जास्त आणि मापंही जास्त, त्यामुळे अंगणात हात घालू नये.

ट्विस्ट बीममध्येही दोन प्रकार आहेत. काही गाड्यांत स्प्रिंग एकीकडे आणि शॉक दुसरीकडे, काहींत शॉकभोवतीच स्प्रिंग गुंडाळलेली. दुसऱ्या प्रकारात शॉक बदलायचा तर स्प्रिंग दाबून धरणारं कॉम्प्रेसर यंत्र लागतं. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हाड मोडते, माणूसही दगावू शकतो. ते काम सरळ गॅरेजकडे द्या. पुढचं सगळं पहिल्या प्रकारासाठी आहे.

आता टॉर्च घेऊन शॉकच्या नळीकडे पाहा. चांगला शॉक धुळकट पण कोरडा असतो. सील गेलेल्या शॉकवर तेल पाझरतं, त्यावर आपली काळी धूळ चिकटते आणि वरच्या नळीखाली चिखलासारखा थर बसतो. बोट लावलं तर काळं, ओशट लागतं. नुसता ओलसर पुसट डाग म्हणजे शॉक गेला असं नव्हे, पण थर जमला असेल तर जोडी बदलायची वेळ झाली. जोडीच बदलायची, एकच बदलला तर दोन्ही बाजूंचं वागणं वेगळं होतं. बुशवरही उजेड टाका : रबराला आरपार भेग गेली असेल किंवा मधली नळी एका बाजूला सरकली असेल, तर वळणावर अख्खा बीम किंचित वळतो आणि गाडीचं मागचं टोक स्वतःच सुकाणू धरतं. चालकाला वाटतं स्प्रिंग मऊ आहे, आणि खर्च भलतीकडे होतो.

कडक स्प्रिंगचं गणित

मॉरिस ऑली हा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्समध्ये गेला. गाडीचं झुलणं हे गणिताचं काम आहे हे त्याने तिथे दाखवून दिलं. पुढच्या चाकांना उंचवटा आधी लागतो, मागच्यांना क्षणभराने. मागच्या स्प्रिंगचा ठेका पुढच्यापेक्षा थोडा जलद ठेवला, तर मागचं टोक उशिरा झुलायला लागूनही पुढच्याला गाठतं आणि गाडी पुढेमागे डुलण्याऐवजी सपाट वरखाली होते. कारखान्यातले अभियंते हा मेळ साधूनच गाडी बाजारात आणतात.

आता तुम्ही मागची स्प्रिंग वीस टक्क्यांनी कडक केली, तर ठेका वर्गमुळाच्या हिशेबाने सुमारे साडेनऊ टक्क्यांनी जलद होतो. जुना शॉक मात्र तोच राहतो, आणि नव्या स्प्रिंगच्या मानाने त्याची आवरण्याची ताकद जवळपास नऊ टक्क्यांनी कमी पडते. जी गाडी दोनदा डोलायची ती आता तिसऱ्यांदाही डोलते, शिवाय दणके जास्त. त्यात मागचा भाग कडक झाल्याने वळणावर वजनाची अदलाबदल मागच्या दोन चाकांत जास्त होते, पुढच्या चाकांची पकड वाढते, मागच्यांची घटते. कोरड्या रस्त्यावर याने गाडी चपळ वाटते. ओल्या रस्त्यावर, वर सांगितलेलं रीजन जोडीला आलं, की तीच चपळाई अंगावर येते.

म्हणून क्रम असा : टायरची हवा, मग बुश, मग शॉक आणि सगळ्यात शेवटी, गरज उरलीच तर, स्प्रिंग. तीही शॉकशी जुळणारी.

स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर कोंबण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. दोन वेढे एकमेकांना अडवले की तेवढी स्प्रिंग कामातून जाते, उरलेल्या वेढ्यांवर जादा ताण येतो. गाडी उंच दिसते, वागते मात्र वर सांगितलेल्या कडक स्प्रिंगसारखी, आणि शॉक तोच जुना. बसवले असतील तर काढून टाका, मग गाडी कशी चालते ते पाहून पुढचं ठरवा.

अंगणात शॉक बदलताना

शॉक गाडीच्या नेमक्या मॉडेलचा घ्या. दिसायला सारखा म्हणून पेट्रोलवालीचा विजेच्या गाडीला लावू नका, वजन वेगळं तसं आतल्या व्हॉल्व्हचं गणित वेगळं असू शकतं. १९६१ मध्ये स्थापन झालेली आणि चाकणजवळ कारखाना असलेली गॅब्रिएल इंडिया गाडी-कंपन्यांनाही शॉक पुरवते आणि बाजारातही विकते. असा मूळ पुरवठादाराचा माल नंबर ताडून घ्यावा.

गाडी उचलण्याआधी दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने अंतर मोजून कागदावर लिहा. हे माप शेवटी लागणार आहे.

हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना धरतो. मागची चाकंच हवेत गेली की तो काहीच धरत नाही. त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. गाडी बंद, चार्जिंगची गन काढलेली. गाडी उचलायचा जॅक फक्त दारांखालच्या, पुस्तिकेत दाखवलेल्या ठिकाणीच लावा, बॅटरीच्या तळाला चुकूनही नाही. नारिंगी आवरणाच्या केबल दिसतील, त्या उच्च दाबाच्या आहेत, त्यांना हात लावू नका. आणि शहाबादी फरशीवर काम करत असाल तर गाडी पेलणाऱ्या स्टँडखाली जाड फळी घाला. फरशीखाली पोकळी असली तर एका बिंदूवरच्या वजनाने ती तडकते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही.

गाडी स्टँडवर घेतली की दुसरा जॅक बीमखाली लावून बीमला आधार द्या आणि मगच शॉकचे बोल्ट सोडा. आधार नसला तर बीम झपकन खाली येतो आणि ब्रेकचा होज व एबीएसची वायर ताणली जाते. नवा शॉक आडवा पडून राहिलेला असतो, म्हणून बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, आतली हवा वर जाते.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. खालचा बोल्ट चाक लोंबकळत असताना आवळायचा नाही. तसा आवळला तर रबरी बुश त्या स्थितीत जखडतो, गाडी जमिनीवर आली की कायमचा पिळलेला राहतो आणि थोड्याच दिवसांत फाटतो. बीमखालचा जॅक वर घेत जा. कागदावर लिहिलेलं माप आलं की थांबा आणि तेव्हा टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्याला बोल्ट आवळा. जॅक वर घेताना गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, याकडे लक्ष ठेवा. गॅरेजमध्ये घाईच्या वेळी हीच पायरी गाळली जाते. काम बाहेरून करून घेतलं तरी हे एवढं उभं राहून पाहा.

नंतर पहिली फेरी तीसच्या वेगात, ओळखीच्या स्पीडब्रेकरवरून. गाडी एकदा वर येऊन लगेच स्थिर व्हायला हवी. थोडं चालवून झालं की बोल्ट पुन्हा तपासा आणि अलाइनमेंट दाखवून आणा. ट्विस्ट बीममध्ये मागची चाकं सहसा फिरवून जुळवता येत नाहीत, पण आकडे बिघडले असतील तर बीम वाकल्याचं किंवा बुश गेल्याचं कळतं.

कायदा काय सांगतो

सारख्या मापाचा शॉक, बुश किंवा स्प्रिंग बदलणं ही दुरुस्ती झाली. गाडी उंच किंवा ठेंगणी करणं, जादा भार पेलायची स्प्रिंग टाकणं ही वेगळी गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर खाली वाकून पाहतो, हेही विसरू नये. आणि मागे जास्त भार घालायचा म्हणून जाड स्प्रिंग टाकली, तरी टायर, ब्रेक आणि बीम पूर्वीइतकाच भार पेलणार असतात.

एवढं सगळं करूनही गाडी भरलेली असताना मागून बसत असेल, तर स्प्रिंगच थकली आहे असं समजा आणि कंपनीच्या मूळ मापाची जोडी बसवा. सोलापूरच्या रस्त्यांवर कडक स्प्रिंगपेक्षा धडधाकट शॉक आणि शाबूत बुश जास्त उपयोगी पडतात, खर्चही कमी.

पुढच्या आठवड्यात ब्रेक. रीजनमुळे ते इतके कमी वापरले जातात की गंजूनच बिघडतात. तोवर या रविवारी एवढंच करा : टॉर्च घ्या, मागच्या दोन्ही शॉकवर उजेड टाका आणि धूळ कोरडी आहे की ओशट, ते पाहून ठेवा.