तुमच्या घराची ऐपत कशी मोजाल?

एखाद्या घराची स्थिती कशी आहे असे कोणी विचारले, की आपण चटकन म्हणतो, "जमीन किती?" सरकारी हिशेबही बराचसा असाच चालतो. एक हेक्टरपर्यंत जमीन असेल तो अत्यल्पभूधारक, दोन हेक्टरपर्यंतचा अल्पभूधारक. पण नुसत्या जमिनीवरून घराचा खरा अंदाज येतो का?

उत्तरासाठी मुंबईच्या गिरणगावाकडे पाहा. परळ-लालबागच्या कापड गिरण्यांत कोकणातले, तसेच सातारा-कोल्हापूरकडचे हजारो गडी राबत. चाळीतल्या एकाच खोलीत दाटीने राहत, खानावळीत जेवत आणि उरलेला पगार मनिऑर्डरीने गावी धाडत. गावी जमीन थोडी. पण बी-बियाणे, बैल, घरावरची कौले, मुलांची फी हे सारे त्या पैशांतून निघे. शेती मात्र घरची बाई सांभाळी, आणि सातबाऱ्यावर तिचे नाव बहुधा नसे.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. मनिऑर्डरी थांबल्या, पुष्कळ जण गावी परतले, कित्येकांची नोकरी कायमची गेली. सातबाऱ्यावरचा आकडा होता तसाच राहिला; घर मात्र खचले.

म्हणून जाणकार अनेक बाबी एकत्र पाहतात. उदय पारीक व जी. त्रिवेदी यांनी 1964 साली ग्रामीण कुटुंबांसाठी जी मोजपट्टी केली, तीत जमीन, जात, व्यवसाय, शिक्षण, घर, शेतीची साधने, चीजवस्तू, कुटुंबाचा प्रकार आणि सार्वजनिक कामातला भाग अशा नऊ बाबींना गुण होते. 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जातगणनेत वाहन, फ्रिज, ओलिताची जमीन यांचीही नोंद झाली. पण बाहेरचा पैसा थांबला तर घर किती दिवस तगेल, हे अशा यादीवरून कळत नाही.

ते आपणच पाहायला हवे. एक वही घाला. जमीन कोणाच्या नावावर, कसतो कोण, घरचे धान्य किती महिने पुरते, बाहेरून पैसा किती येतो, कर्ज किती, हे दरवर्षी दिवाळीनंतर लिहा. गणनेचा माणूस दारी आला, की ही वही उघडा आणि उत्तरे द्यायला घरच्या बाईलाही बसवा. तेल-मीठ कुठून येते, हे तिलाच नेमके ठाऊक असते.