खऱ्या नावापेक्षा खरी पत

घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ मध्ये जन्मलेल्या नारायण सूर्याजी ठोसरांना महाराष्ट्र ओळखतो तो समर्थ रामदास म्हणून. १८४८ पासून ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात ‘शतपत्रे’ लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. लिहिताना त्यांनी ‘लोकहितवादी’ हे नाव घेतलं. घेतलेलं नावही वर्षानुवर्षं एकच राहिलं की त्याला पत येते, आणि ती सांभाळावी लागते.

तरीही ऑनलाइन चर्चेत शिवीगाळ वाढली की पहिली मागणी होते ती खऱ्या नावाच्या सक्तीची. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ती लागू केली. लिहिण्याआधी ओळख पटवणं बंधनकारक झालं. पण द्वेषमूलक मजकूर जेमतेम एका टक्क्याने घटला. शिवाय संकेतस्थळांकडे साठलेली माहितीही सुरक्षित राहिली नाही: २०११ मध्ये तिथे एका सायबर हल्ल्यात साडेतीन कोटी खातेदारांची माहिती चोरीला गेली. अखेर २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही तरतूद रद्द केली.

आपल्याकडे अशा सक्तीची किंमत आणखी मोठी. आडनावावरून जात ताडली जाते, गावावरून घर सापडतं. घनसावंगीतल्या एखाद्या मुलीने हुंड्यावर लिहिलं, तर मुद्दा बाजूला राहून ‘ही कुणाची कोण’ याचीच चौकशी सुरू होईल.

दुसरा मार्ग पत मोजण्याचा. टोपणनाव चालतं, पण वाचकांनी दिलेले गुण त्या नावाच्या खात्यावर जमा होतात. ‘स्लॅशडॉट’ या संकेतस्थळावर प्रतिसादाला उणे १ ते ५ गुण असतात. वाचकाने ३ ची पातळी ठेवली की त्याखालचं त्याच्या नजरेआड जातं. पुसलं मात्र जात नाही. ‘ऐसी अक्षरे’ या मराठी संकेतस्थळानेही ‘मार्मिक’, ‘माहितीपूर्ण’, ‘खोडसाळ’ अशा श्रेणी वापरल्या.

यातही खोट आहे. लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांचा प्रयोग २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लाखभर प्रतिसादांपैकी काहींना त्यांनी सुरुवातीलाच एक अनुकूल मत आपणहून दिलं. त्या प्रतिसादांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. प्रतिकूल मत दिलं तेव्हा मात्र वाचकांनी ते भरून काढलं. म्हणजे कंपूने केलेली वाहवा ही निंदेपेक्षा जास्त फसवी.

त्यावर उपाय आहेत. सुरुवातीचे गुण काही काळ झाकून ठेवता येतात. नव्या खात्याला मताचा हक्क उशिरा देता येतो. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर तर एखाद्या उत्तराला उणे मत देणाऱ्याचाही एक गुण कापला जातो, त्यामुळे तो विचार करून मत देतो.

म्हणून लिहिणाऱ्याकडे ओळखपत्र मागण्यापेक्षा त्याने आजवर काय लिहिलं ते सर्वांना दिसू द्यावं. आडनाव पाहून ज्यांना गप्प बसवलं जातं, त्यांचं म्हणणं मुद्द्यावर जोखलं जाण्याची वाट त्यातूनच निघते.