जमा वहीत, चणचण गल्ल्यात

करात सवलत मिळाली म्हणजे पैसा हाती आला, असा सार्वत्रिक समज आहे. तो पुरता खरा नव्हे. जी सवलत केवळ कराच्या देण्यातून वळती होते, तिचा लाभ देणे असणाऱ्यालाच मिळतो. ज्याचे देणे अद्याप निर्माणच झालेले नाही, त्याने ती पुढे ओढत न्यावयाची.

२०१८ साली केंद्राने ज्या जिल्ह्याची गणना आकांक्षित जिल्ह्यांत केली, त्या धाराशिवचे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचे, उदाहरण घेऊ. उमरग्याच्या एखाद्या तरुणाने कर्ज काढून राज्यातच दहा लाखांची यंत्रे घेतली, तर १८ टक्के दराने वस्तू व सेवा कर १,८०,००० रुपये होतो. निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. हा कर त्याच्या खात्यात जमा धरला जातो. वर्षभरात विक्रीवर ४०,००० रुपये कर निघाला, तर तो जमेतून वळता होईल. उरलेले १,४०,००० रुपये पुढील हिशेबात जातील. पुढे नेण्यास कालमर्यादा नाही. पण रोख परतावाही नाही. परतावा प्रामुख्याने निर्यातदाराला, अथवा कच्च्या मालावरील दर तयार मालाहून अधिक असल्यास मिळतो. आणि या दुसऱ्या प्रसंगी यंत्रांवरील कर हिशेबात धरला जात नाही. बँकेचे व्याज मात्र थांबत नाही.

जम बसलेला कारखानदार हीच जमा महिन्या-दोन महिन्यांत वापरून टाकतो. म्हणजे नियम एकच, पण त्याचा भार नवख्यावर अधिक. १९६४ पासूनच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतील विक्रीकराच्या सवलतीही विक्रीशीच निगडित होत्या, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

परतावा खुला केल्यास बनावट बिलांचे पेव फुटेल, ही शासनाची भीती निराधार नाही. तथापि यंत्र हे कागदावरचे बिल नव्हे. ते जागेवर जाऊन पाहता येते. तेव्हा आकांक्षित जिल्ह्यांतील नव्या लघुउद्योगांना, प्रत्यक्ष पाहणीनंतर, यंत्रांवरील शिल्लक जमा हप्त्याहप्त्याने परत द्यावी, असा आग्रह महाराष्ट्राने वस्तू व सेवा कर परिषदेत धरावा. हा निर्णय एकट्या राज्याच्या हातचा नाही. मागणी मात्र राज्याच्या हातची आहे.

उद्योजकांनीही जागरूक राहिले पाहिजे. आर्थिक वर्षातील खरेदीवरची जमा पुढील ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरल्यास तोपर्यंतच, मागता येते. ती मुदत हुकली, तर पुढे न्यावयासही काही उरत नाही.