रात्रीचा मोबाईल, पहाटेची धार

रात्री दहाला अंग टाकलं की 'पाचच मिनिटं' म्हणून मोबाईल हातात घ्यायचा, बघता बघता साडेबारा वाजतात. माझंही तेच. परवा नांगरताना डुलकी लागली, ट्रॅक्टर बांधावर चढता चढता राहिला.

असं का होतं? अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक तयार होतं. स्क्रीनचा उजेड डोळ्यांवर पडला की ते लांबतं. त्यात एक रील संपली की पुढची तयारच. मोठ्या माणसाला रोज किमान 7 तास झोप लागते.

उपाय साधा आहे. चार्जर उशाजवळून काढून ओसरीत लावा, गजराला साधं घड्याळ ठेवा. रात्रीच्या लाईटीला पाणी द्यायचं असेल तर दुपारी घटकाभर पडा. माझ्या अजून एखाद-दोन रात्री हुकतात, पण धारेला उशीर होत नाही.