गाडीच्या इंजिनाचा श्वास : पीसीव्ही व्हॉल्व्ह केव्हा तपासावा, केव्हा बदलावा



लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया सोडून ऊस विकास अधिकाऱ्यानं मोटारीवर कशाला लिहावं, असं काहींच्या मनात येईल. पण हल्ली प्लॉट पाहायला बांधावर गेलं की उसाचं बोलणं लवकर उरकतं आणि गाडीचं निघतं. जुन्नर काय नि आंबेगाव काय, वस्तीवस्तीवर पेट्रोलची नाहीतर सीएनजीची गाडी उभी आहे.

गेल्या थंडीत बेल्हे भागातील एका सभासदांच्या गाडीखाली ऑईलचे थेंब पडू लागले. गॅरेजमध्ये सांगितलं, "बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन उतरवावं लागेल." आकडा ऐकून सभासदांनी उसाच्या पुढच्या हप्त्याचा हिशोब मांडायला घेतला. दुसऱ्या एका मेस्त्रीनं मात्र आधी टॅपेट कव्हरवरची रबरी नळी उपसली. तिच्या तोंडाशी बसवलेला बोटभर व्हॉल्व्ह काळ्या चिकटानं गच्च झाला होता. तो नवा टाकला, ऑईल बदललं, थेंब बंद झाले. काही शे रुपयांत काम भागलं.

ज्यांनी विहिरीवर डिझेल इंजिन चालवलं आहे, त्यांना ब्रीदर ठाऊक आहे. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेला थोडा गॅस त्यांच्या कडेनं खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्याला वाट दिली नाही तर आत दाब साचतो आणि सील, गास्केट जिथं कच्चं असेल तिथून ऑईल बाहेर येतं. पूर्वीच्या मोटारींत ही वाफ एका नळीनं सरळ रस्त्यावर सोडत. हवा खराब होते म्हणून 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ती पुन्हा इंजिनातच जाळायची सोय झाली. त्या सोयीचा दरवाजा म्हणजे हा पीसीव्ही व्हॉल्व्ह. आत एक छोटा दट्ट्या आणि स्प्रिंग, बाकी काही नाही. इंजिन स्लोवर असताना मॅनिफोल्डची ओढ जास्त असते, तेव्हा हा वाट आवळून धरतो. गाडी चालू लागली की वाट मोकळी करतो.

तो बंद अडकला तर काय होतं ते वर आलंच. उघडा अडकला तर उलटं होतं. स्लोवर नको तितकी हवा आत जाते, इंजिन थरथरतं, मिसिंग करतं, कधी सूं असा आवाज येतो. ऑईलही ओढलं जाऊन डिपस्टिकवरची पातळी उतरते.

आपल्याकडे हा व्हॉल्व्ह चोंदण्याचं मोठं कारण म्हणजे गाडीचा वापर. वस्तीवरून नारायणगावला नाहीतर मंचरला, तिथून घरी. पाच-सात किलोमीटरमध्ये थंडीच्या सकाळी इंजिन धड तापतही नाही. आतली पाण्याची वाफ उडून न जाता ऑईलमध्ये मिसळते. ऑईलचं झाकण उघडलं की आतून दह्यासारखा पांढरट थर दिसतो, तो हाच. सीएनजी जळताना पाणी जास्त तयार होतं, म्हणून त्या गाड्यांनी अधिक जपावं. मात्र असा थर दिसतो आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, असं असेल तर हेड गास्केटचा संशय घ्यावा. तिथं व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही.

तपासणी घरीही होते. गाडी चांगली तापवून स्लोवर ठेवा. उपरण्याचं टोक नि पदर पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवा. व्हॉल्व्ह कव्हरमधून उपसा, नळी त्याला लागलेलीच राहू द्या, आणि उघड्या तोंडावर बोट धरा. ओढ लागली पाहिजे. लागत नसेल तर नळी, मॅनिफोल्डचं भोक किंवा व्हॉल्व्ह, तिघांपैकी एक चोंदलं आहे. व्हॉल्व्ह परत बसवून ऑईलच्या तोंडावर वहीचा कागद ठेवला तर तो हलकेच चिकटून बसावा. उडून जात असेल तर आत दाब आहे. झाकण काढल्यावर काही नव्या गाड्यांचं इंजिन थोडं हेलकावतं, त्यानं घाबरू नये.

मग इंजिन बंद करून व्हॉल्व्ह कानाशी हलवा. खुळखुळ वाजला नाही तर तो अडकलेला आहे. वाजला म्हणजे चांगलाच, असंही नाही बरं का. स्प्रिंग थकलेला व्हॉल्व्हही वाजतो. तोंडानं मात्र ओढून किंवा फुंकून पाहू नका, आतला गाळ विषारी असतो.

दर वेळी ऑईल बदलताना नळी कडक झाली का, तडकली का ते पाहावं. वीसेक हजार किलोमीटरला व्हॉल्व्ह काढून तपासावा, असं माझं मत. बदलण्याचा आकडा गाडीच्या पुस्तकात दिला आहे का ते पाहावं. त्यात धूळ आणि जवळच्या फेऱ्यांसाठी वेगळा रकाना असेल तर आपण तोच धरावा. धुराळ्यानं एअर फिल्टर चोंदला की ऑईलची वाफ जास्त ओढली जाते, म्हणून गाळप हंगामात फिल्टरही पाहावा.

धुण्याबद्दल एवढंच, की कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे मारून, वाळवून खुळखुळ मोकळी आली तर पुढच्या ऑईलपर्यंत चालवा. आत तार घालू नका. प्लास्टिकचा असेल, किंवा धुऊनही दट्ट्या जड चालत असेल, तर पैसे वाचवू नका. नव्या व्हॉल्व्हबरोबर त्याचं रबरही बदला. गाडीचं मॉडेल सांगूनच घ्या. बाहेरून सारखे दिसणारे दोन व्हॉल्व्ह आतून वेगळ्या मापाचे असतात. काही नव्या गाड्यांत तो टॅपेट कव्हरातच बसवलेला असतो, ते काम जाणत्या मेस्त्रीकडेच द्यावं.

नवा टाकूनही कागद उडतच असेल, गाडी निळा धूर टाकत असेल, तर रिंगांचं काम निघालं आहे. तरीही इंजिन उतरवण्याआधी कॉम्प्रेशन मोजून आकडे लिहून मागावेत.

ट्रॅक्टर आणि डिझेल गाड्यांना ही कागदाची परीक्षा लावू नये. त्यांच्यात मॅनिफोल्डला अशी ओढ नसते. तिथं ब्रीदरची नळी आणि जाळी असेल तर ती पाहावी. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांचा ब्रीदर हंगामाआधी धुऊन घ्यावा. नळीचं खालचं तोंड चिखलानं बुजलेलं पुष्कळदा आढळतं.