पैसे तो मागतच नाही

ऑनलाइन ओळखीतून फसवल्या गेलेल्या बायकांच्या तक्रारींमधली गोष्ट थोड्याफार फरकाने एकच असते. फेसबुकवर किंवा लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळावर एका पुरुषाशी ओळख होते. तो लंडनमधला हृदयविकारतज्ज्ञ असतो, नाहीतर समुद्रातल्या तेलविहिरीवरचा इंजिनीअर, नाहीतर पायलट. बायको वारलेली, पदरात एक लहान मुलगी. चार दिवसांत गप्पा व्हॉट्सॲपवर येतात. सकाळी सहाला ‘उठलीस का?’, रात्री ‘गोळी घेतलीस का?’ ज्या घरात दिवसभरात असं कुणीच विचारत नाही, तिथे हा प्रश्न फार मोठा असतो. महिना-दोन महिन्यांनी तो कळवतो, तुझ्या वाढदिवसासाठी पार्सल पाठवलंय. घड्याळ, दागिने, नवा फोन आणि तळाशी पाकिटात काही हजार पौंड. वस्तूंचे फोटो येतात, कुरिअरची पावती येते, पार्सल कुठवर आलं हे दाखवणारं संकेतस्थळही असतं.

मग वेगळ्याच नंबरवरून फोन येतो. ‘मॅडम, दिल्ली एअरपोर्ट कस्टम्समधून बोलतेय. तुमचं पार्सल अडकलंय.’

इथे थोडं थांबायला हवं. ‘अनोळखी माणसाने पैसे मागितले तर देऊ नकोस,’ असं आपण घरातल्यांना बजावत असतो. पण हा माणूस पैसे मागतच नाही. पैसे मागतं ते ‘कार्यालय’. तो उलट ओशाळतो, ‘माझ्यामुळे तुला त्रास झाला, आलो की सगळे परत करतो,’ म्हणतो. माया एका नंबरवरून येते, मागणी दुसऱ्या नंबरवरून. समोर सरकारी खिडकी आणि अलीकडे आपण दोघं, असं तिला वाटायला लागतं. हे दोन्ही नंबर एकाच टोळीचे असतात, आणि या फसवणुकीची सगळी ताकद या वाटणीत आहे, असं माझं मत आहे.

समजा, तिने ‘ड्यूटी’ म्हणून पस्तीस हजार भरले. दुसऱ्या दिवशी कळतं की स्कॅनिंगमध्ये परकीय चलन दिसलंय, आता मनी लाँडरिंग नसल्याचं प्रमाणपत्र हवं, त्याचे एक लाख. ते भरले की रिझर्व्ह बँकेची फी निघते. नाही म्हटलं की आवाज बदलतो आणि अटकेची भाषा सुरू होते. बाहेरून पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, पहिल्या मागणीलाच ती का थांबली नाही? कारण तिसऱ्या हप्त्यापर्यंत ती पार्सलसाठी पैसे भरतच नसते. आधी गेलेले सोडवण्यासाठी भरत असते.

खरं कस्टम्स कसं चालतं हे माहीत असेल, तर हा बनाव पहिल्याच फोनला उघडा पडतो. परदेशातून टपालाने आलेलं पार्सल विदेश डाकघरात जातं. मुंबईचं डाकघर बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे. आत काय आहे आणि त्याची किंमत किती, हे पाठवणाऱ्याने पार्सलवर लिहून चिकटवलेलं असतं. ते पाहून, गरज पडली तर पार्सल उघडून, सीमाशुल्क अधिकारी कर ठरवतात. हा कर पार्सल ताब्यात घेताना टपाल खात्याकडे भरायचा आणि पावती घ्यायची. कुरिअरने आलेल्या मालाचा कर कुरिअर कंपनीमार्फत, तिच्या बिलाने वसूल होतो. कुणाच्या वैयक्तिक बचत खात्यात किंवा यूपीआयवर पैसे टाका, असं कस्टम्स कधीच सांगत नाही. २०१९ पासून सीमाशुल्क विभागाच्या पत्रांवर ‘डिन’ हा ओळख क्रमांक असतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तो टाकला की पत्र खरं की बनावट ते कळतं. रिझर्व्ह बँक तर तुमच्याआमच्यासारख्यांची खाती ठेवतच नाही. तिथे अडकलेले पौंड फी भरून सोडवायचे, हा प्रकारच अस्तित्वात नाही.

पार्सलच्या नावावर इतरही सापळे आहेत. ‘पत्ता अपुरा असल्याने तुमचं पार्सल परत जाईल, अठ्ठेचाळीस तासांत लिंकवर पत्ता भरा,’ हा टपाल खात्याच्या नावाने फिरणारा संदेश खोटा असल्याचं पीआयबी फॅक्ट चेकने जाहीर केलेलं आहे. कुणी कुरिअरवाला म्हणून ‘स्टार ४०१ स्टार’ आणि पुढे एक मोबाइल नंबर दाबायला सांगितला, तर दाबू नका. त्याने तुमचे फोन, आणि फोनवर ऐकवले जाणारे ओटीपीही, त्याच्या नंबरवर वळतात. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत असं सांगून व्हिडिओ कॉलवर तासन् तास बसवून ठेवणारे ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालतात. आपल्या कायद्यात अशी अटक नाही.

पुरुषही फसतात. त्यांना बहुधा गुंतवणुकीच्या वाटेने नेलं जातं. ऑनलाइन भेटलेली मैत्रीण एक ट्रेडिंग ॲप सुचवते, पहिला छोटा नफा खात्यात जमाही होतो, आणि मोठी रक्कम काढायला गेलं की आधी ‘टॅक्स’ भरायला सांगतात. इथेही मागते ती कंपनी, मैत्रीण नाही. असे बरेच अड्डे म्यानमार आणि कंबोडियात आहेत. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना तिथे डांबून हे काम करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या अशा अड्ड्यांतून सुटलेल्या शेकडो भारतीयांना थायलंडमार्गे वायुदलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. पलीकडून गोड बोलणाराही कधी कधी कैदी असतो, हे समजल्यापासून मला या टोळ्यांचा जास्तच राग येतो.

शंका आली तर प्रोफाइलमधला फोटो गूगल लेन्सवर टाकून पाहावा. चोरलेला असेल तर खरा डॉक्टर किंवा सैनिक भलत्याच नावाने समोर येऊ शकतो. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये, चेहरेही आता बनवता येतात. सगळ्यात मोठी खूण मात्र तंत्राबाहेरची आहे. ‘आपलं इतक्यात कुणाला सांगू नकोस,’ असं तो म्हणतो.

आणि आपण घरचे लोक त्याचं हे काम सोपं करून ठेवतो. पैसे गेल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा असतो. भामट्याच्या खात्यात पैसे पडून राहत नाहीत. कमिशनवर घेतलेल्या भाडोत्री खात्यांमधून ते भराभर पुढे सरकतात आणि एटीएममधून निघतात. त्याआधी बँकेला कळलं, तर ते वाटेत गोठवता येतात. पण सून काय म्हणेल, भाऊ काय म्हणेल, ‘या वयात हे काय?’ असं कुणी म्हणेल, या विचारात ती गप्प बसते आणि हाती असलेला वेळ जातो. मधल्या काळात ‘गेलेले पैसे मिळवून देतो, फक्त फी भरा’ म्हणणारा नवा ‘वकील’ही तिला गाठतो.

घरात कुणी असं सांगायला आलं, तर विचारायचं एवढंच: कधी पाठवलेस? कुठल्या खात्यातून? व्यवहाराचा क्रमांक आहे का? मग १९३० आणि बँक, दोन्हीकडे फोन, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. मेसेज पुसायचे नाहीत, तोच पुरावा आहे. रागाच्या भरात तिचा फोन काढून घेऊ नये. पुढचे काही दिवस तिच्याजवळ कुणीतरी बसावं. तिचे नुसते पैसे गेलेले नसतात. सकाळी सहाला येणारा मेसेजही बंद झालेला असतो.