‘हवाई अंतर’ आणि ‘उड्डाणकाल’ : दोन संज्ञांचा विचार

पुणे ते नागपूर हे हवाई अंतर सुमारे ६०५ किलोमीटर आहे, एवढे सांगितले की प्रवासास लागणारा वेळही सांगून झाला, अशी समजूत सर्वत्र आढळते. ताशी ७५० किलोमीटर हा वेग धरून भागाकार केल्यास ४८ मिनिटे हे उत्तर येते. वेळापत्रकात मात्र या प्रवासास सामान्यतः सव्वा ते दीड तास दिलेला असतो. ही तफावत विमानाच्या संथपणामुळे पडत नाही. भिन्न अर्थ एकाच शब्दात कोंबल्यामुळे पडते.

आपले जुने अंतरवाचक शब्द पाहिले असता या समजुतीचे मूळ ध्यानात येते. ‘कोस’ हा संस्कृत ‘क्रोश’ शब्दापासून आला. हाक ऐकू जाईल एवढी वाट, हा त्याचा मूलार्थ. ‘योजन’ म्हणजे जनावरे एकदा जुंपली असता होणारी वाटचाल. ‘मजल’ हा शब्द अरबीतून आला. उतरण्याची जागा हा त्याचा मूळ अर्थ, व पुढे त्यास एका दिवसाची वाटचाल असा अर्थ प्राप्त झाला. ‘योजन’ आणि ‘मजल’ यांत तर वाट आणि वाटसरूचे श्रम वेगळे काढताच येत नाहीत.

‘हवाई अंतर’ ही संज्ञा या कुळातील नव्हे. पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि नागपूरचा सोनेगाव विमानतळ यांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या पृष्ठभागावर त्यांना जोडणारा लघुतम कंस मोजला की ते मिळते. त्यात ना विमान आहे, ना वारा, ना प्रवासी.

प्रत्यक्ष उड्डाणमार्ग या कंसाहून लांब असतो. विमान शक्यतो वाऱ्यास सामोरे जाऊन उडते व उतरते; त्यामुळे आरंभी व अखेरीस त्यास वळसा घ्यावा लागतो. मधला मार्गही नियंत्रणकक्षाने नेमून दिलेला असतो. चढताना व उतरताना वेग कमी असतो, हे निराळेच.

वाऱ्याचा परिणाम तर दिशेनुसार पालटतो. हिवाळ्यात मध्य भारतावर उंचावरील वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात. वारा ताशी ७५ किलोमीटर व थेट पाठीशी आहे असे मानल्यास वरील अंतर ४४ मिनिटांत कापले जाईल; तोच समोरून आल्यास ५४ मिनिटे लागतील. अंतर दोन्हीकडून समान, काल मात्र असमान. शिवाय जाण्यायेण्याची बेरीज ९८ मिनिटे होते, ९७ नव्हे. म्हणजे जाताना वाचलेला वेळ येतानाची तूट भरून काढीत नाही.

वेळापत्रकातील काल याहूनही वेगळा आहे. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या तळावर आपल्या जागी थांबेपर्यंतचा तो काल होय. धावपट्टीपर्यंतची चाल, उड्डाणाच्या परवानगीची वाट आणि उतरल्यानंतरची चाल हे सर्व त्यात अंतर्भूत असते.

हा भेद केवळ कोशकाराच्या सोयीचा नाही. प्रत्यारोपणासाठी काढलेले हृदय साधारणतः ४ तासांच्या आत रोपावे लागते. तेथे ४८ मिनिटे आणि दीड तास यांतील अंतर शाब्दिक राहत नाही. शिवाय रुग्णालय ते विमानतळ हा दोन्हीकडचा रस्ता त्यात मिळवावयाचा असतो.

म्हणून ‘हवाई अंतर’ हा शब्द केवळ भूमितीय अंतरास राखावा. विमानाने आक्रमिलेल्या वाटेस ‘उड्डाणमार्गाची लांबी’, हवेत घालविलेल्या वेळेस ‘उड्डाणकाल’ आणि वेळापत्रकातील वेळेस ‘वेळापत्रकी काल’ म्हणावे. चार गोष्टींना चार नावे असली म्हणजे एकीवरून दुसरीचे अनुमान करताना लेखक आणि वाचक दोघेही सावध राहतील.